चार मिलिमीटरचा पत्रा

मी, लालासाहेब ज्ञानू खराडे, वय एकाहत्तर, यंत्र अभियांत्रिकीचा निवृत्त प्राध्यापक, राहणार सांगली. हृदय कमकुवत झाले आहे, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर आता लिहिल्याशिवाय राहवत नाही म्हणून हे मृत्युपत्र स्वहस्ते करीत आहे.

१. राहते घर व ठेवी पत्नी संयोगिता हिला मिळाव्यात. चौतीस वर्षे तिने उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाजूला सारून मला ताट वाढले.

२. यंत्र आरेखनाची पुस्तके कॉलेजला द्यावीत. कंपनांवरचा प्रबंध देऊ नये, तो परीक्षकांनीही पुरता वाचला नव्हता. सहकारी नानासो यांनी माझ्या शोधनिबंधावर आपले नाव आधी घातले, ते मी विसरलेलो नाही. माझा ड्रॉइंग बोर्ड त्यांना द्यावा. आता तरी एखादी रेघ स्वतः ओढावी.

३. लेथ व सर्व मोजमापाची हत्यारे माझा विद्यार्थी बिरदेव गडदे याला द्यावीत. तो सध्या आटपाडीत दुसऱ्याच्या शेडमध्ये लोखंडी गेट जोडतो. त्याचे स्वतःचे वर्कशॉप माझ्यामुळे गेले.

४. वाफेवर हळद शिजवण्याचे यंत्र हे माझे शेवटचे संशोधन. आराखडा माझा, बांधणी बिरदेवची. टाकीच्या पत्र्याची जाडी काढताना मी व्यासाच्या जागी त्रिज्या घातली. याच चुकीला मी जन्मभर मुलांना शून्य दिले. आठ मिलिमीटर हवा तिथे चार आला. बिरदेव म्हणाला होता, "सर, पत्रा लय पातळ वाटतोय. आठचा घिऊ का?" मी म्हणालो, "गणित मी केलंय. तू वेल्डिंग बघ." त्याने पुन्हा विचारले नाही.

यंत्र सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी टाकी फुटली. धुळा नावाचा मजूर भाजून मेला. चौकशीत तज्ज्ञ म्हणून मलाच विचारले, तेव्हा मी 'सदोष वेल्डिंग' असे लिहून दिले. मी घाबरलो होतो. बिरदेवने ते खरे मानले. अजून दर गुरुपौर्णिमेला नारळ घेऊन येतो, पाया पडतो आणि म्हणतो, "माझ्या हातानं तुमचं नाव गेलं, सर." मी त्याला चहा पाजतो.

५. टेबलाच्या खालच्या खणात त्या टाकीचा तुकडा आहे. पत्रा फाटला आहे, वेल्डिंगचा जोड जसाच्या तसा आहे. तो बिरदेवला द्यावा. इस्लामपूरची तीस गुंठे जमीन धुळाची पत्नी पारूबाई हिला द्यावी व कलम चार तिला वाचून दाखवावे. तिने शिव्या दिल्यास ऐकून घ्याव्यात.

६. साक्षीला बिरदेवलाच बोलावले आहे. तोंडाने सांगायचे धैर्य अकरा वर्षांत झाले नाही. कागद पुढे ठेवून वाच म्हणेन. वाचलाच तर जे होईल ते सोसेन. न वाचता सही केली, तर मी गेल्यावर माझ्या पायांना हात लावण्याआधी त्याला हे वाचून दाखवावे.

ठिकाण : सांगली
दिनांक : ३ जुलै २०२४
सही : ला. ज्ञा. खराडे

साक्षीदार :
१. डॉ. शंभूराज माने
२. बिरदेव धोंडिबा गडदे

शेरा, माझ्या हातचा : वाच म्हणालो. तो म्हणाला, "तुमी लिवलंय म्हंजी बरोबरच असंल, सर," आणि पेन मागितले. मी दिले.