पोटातला भटक्या

१० जानेवारी १९७१, नेवासा
ह्यांनी बाजारातून केळी आणली. फणीत एक जोडकेळं होतं. सासूबाई परसात होत्या तेवढ्यात मी ते खाऊन टाकलं. साल बघून त्यांनी कपाळाला हात लावला. पोटुशीनं जोडकेळं खाल्लं की जुळं होतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण भूक लागली होती. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर कुठं पाचवा महिना लागलाय, आता काय एकेक केळं तपासून खाऊ?

१२ जानेवारी
सासूबाईंनी मला आडवं करून पोट चाचपलं. एक गोळा बेंबीखाली मधोमध. दुसरा डावीकडे, मुठीपेक्षा मोठा. म्हणाल्या, "दोन हायेत, शालन."
मी हात लावून पाहिला. खरंच दोन. मधला जागचा हलत नाही. डावीकडचा कुशीवर वळलं की घसरतो, ढकलला तर बरगडीखाली जातो, उभी राहिले की परत खाली. केळं परवा खाल्लं आणि जुळं आज, हा हिशेब घरात कुणीच मांडला नाही. मीही नाही. शाळेत चौथीच्या वर्गावर दिवसभर उगाच हसत होते.

२ फेब्रु.
नर्सबाई आल्या होत्या. लाकडी नळी लावून त्यांना एकच ठोका लागला. सासूबाई म्हणाल्या, दुसरं फिरतीवर असंल. तेव्हापासून त्याचं नाव भटक्या. हे म्हणतात, एक मास्तर होणार, जागचा हलणार नाही. दुसरा एस.टी.त कंडक्टर.
कुंच्या दोन, दुपटी दोन दोन. शेजारणी बघायला येतात. मला भटक्याच जास्त आवडतो. आईनं असं करू नये, पण...

२० फेब्रु.
फळ्यावर लिहिताना डावीकडून कळ. खाली बसले. आडवी झाल्यावर गेली. ही तिसरी खेप. मुख्याध्यापक रजा घ्या म्हणतात. सासूबाई तेल कोमट करून भटक्याला हळूहळू वर सारतात. तो वर गेला की बरं वाटतं. नर्सबाई म्हणतात, एकदा नगरला दाखवून या. ह्यांच्या साखर कारखान्यात सीझन जोरात. पुढच्या आठवड्यात बघू.

११ मार्च, नगर, दवाखाना
आजपासून टेकून बसता येतंय. पेन्सिलनं लिहिते.
शुक्रवारी कळ आली ती थांबलीच नाही. ओकाऱ्या. सासूबाईंनी सारायला हात लावला तर किंचाळले. कारखान्याची जीप मिळाली. घोडेगावपर्यंतचं आठवतं, पुढचं नाही.
डॉक्टरांना वाटलं, अंडाशयाची गाठ पिळली असावी. ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, बाईला वाचवायचं बघतो, मुलाचं आत्ता काही सांगत नाही. ह्यांनी विचारलं, दोन्ही मुलांचं? 
पोट उघडलं तर निघाली पानथरी, म्हणजे प्लीहा. ती डाव्या बरगडीखाली बांधलेली असते म्हणे. माझ्या बांधण्या जन्मापासूनच सैल, म्हणून लांब देठावर पोटभर हिंडत होती. देठाला पीळ पडून रक्त बंद झालं, काळीनिळी पडली. जिवंत असती तर जागेवर शिवून बसवायचा प्रयत्न केला असता, डॉक्टर म्हणाले. काढावीच लागली. तिच्यावाचून माणूस जगतं. फक्त ताप आला तर अंगावर काढायचा नाही.
म्हणजे भटक्या नव्हताच. रडले. जे नव्हतंच त्याच्यासाठी काय रडतेस, असं हे म्हणाले नाहीत, त्यामुळे आणखी रडू आलं.
मधलं अजून आहे. ठोका लागतो, पण ऑपरेशनपासून हाललेलं मला कळलं नाही. गर्भाची पिशवी शांत राहावी म्हणून इंजेक्शनं चालू. ते राहिलं पाहिजे. बाकी काही मागत नाही.

१३ मार्च
सासूबाई डॉक्टरांशी बोलत नाहीत. त्यांना वाटतं, एक लेकरू काढलं आणि पानथरी म्हणून सांगतात. ह्यांना विचारत होत्या, कुठं पुरलं ते तरी सांग. शेवटी डॉक्टरांनीच त्यांना आत नेऊन काचेच्या बरणीत ठेवलेली पानथरी दाखवली.
बाहेर आल्या, माझ्या पायाशी बसल्या. पाय दाबत राहिल्या. मग म्हणाल्या, "लेकरू न्हाई ते. पन माज्या हाताखाली लई फिरलं गं."
मी त्यांच्यावर मनात राग धरला होता. त्या सारायच्या म्हणूनच पीळ पडला का, असं डॉक्टरांना हळूच विचारलंही होतं. ते म्हणाले, न सारताही पडतो, तुमच्या बाबतीत कशानं पडला ते कुणालाच सांगता यायचं नाही. त्या पाय दाबत होत्या तोवर राग कुठं गेला कळलं नाही.

१४ मार्च
हाललं! सकाळी पेज पिताना. दोनदा.
थोडा वेळ कुणालाच सांगितलं नाही, एकटीनंच ठेवून घेतलं. मग सगळ्यांना सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या कर्जतच्या बाईंनासुद्धा. त्यांनी लगेच त्यांच्या पाच बाळंतपणांच्या गोष्टी सुरू केल्या. जेवणापर्यंत तिसऱ्यावरच होत्या.

२८ एप्रिल, सावेडी, नगर
भावाकडे आहे. डॉक्टरांनी नेवाशाला जाऊ दिलं नाही, दवाखाना जवळ हवा. व्रण खाजतो, पोट वाढेल तसा खेचतो. बाळंतपणाच्या कळांना व्रण टिकेल का, डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, बहुधा. या एका शब्दावर मी सध्या दिवस काढते आहे, आणि खरं सांगायचं तर मजेत काढते आहे. आंबे सुरू झालेत. भाऊ स्कूटर शिकतोय आणि रोज नव्या कुंपणात जातोय.
सासूबाईही इथंच. सुनेच्या माहेरी राहणं बरं दिसतं का, असं त्या स्वतःच विचारतात आणि स्वतःच राहतात. वहिनीचं स्वयंपाकघर त्यांनी केव्हाच ताब्यात घेतलंय. वहिनी खूश, तिची झोप होते.

८ जून
सकाळपासून पोट कडक होतंय, सुटतंय. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसाला अजून अवकाश आहे. हे दुखणं वेगळं, कमरेतून येतं. भाऊ टांगा आणायला गेलाय. ह्यांना कारखान्यात निरोप पोचला की नाही, कळत नाही.
भीती वाटते. व्रणाची, बाळाची. आणि बरंही वाटतंय, फार बरं वाटतंय.
ऑपरेशननंतर सासूबाईंनी माझ्या पोटाला हात लावलेला नाही. तेल लावायचं तरी वहिनीला सांगतात. आज मीच त्यांचा हात ओढून ठेवला. म्हटलं, आत्याबाई, बघा ना कसं आहे. त्या व्रण चुकवून चाचपत राहिल्या. मला वाटलं, आता मुलगा का मुलगी, डोकं कुठं, पाय कुठं, सगळं सांगतील.
"हाय," त्या म्हणाल्या. "तेवढंच कळतंय मला."
हात काढला नाही.
टांगा आला.