धुळीचा म्हटलेला खोकला

मंगळवार, संध्याकाळ. रायपूर

तीन आठवड्यांपासून खोकून राहिलो. मी कामाले जातो त्या उरला भागातल्या रोलिंग मिलमधली धूळ असेल म्हणून लक्षच दिलं नाही. खोकता खोकता उलटी व्हायची, तरी नाही. आज डॉक्टर म्हणाले, "काली खांसी लग रही है." म्हणजे डांग्या खोकला! तो तर लेकरांचा आजार ना? बावन्न वर्षांच्या माणसाले काहून होईल? ते म्हणाले, लहानपणच्या लसीचा असर कमी होत जातो. मले तर लस टोचली होती का, हेच माहीत नाही.

मग त्यांनी विचारलं, घरात लहान बाळ आहे का? आहे. लेक बाळंतपणाले आली आहे, नातू महिन्याचा आहे. रविवारी मी त्याले तासभर मांडीवर घेऊन बसलो होतो.

"पण तो तर खोकत नाही," मी म्हटलं. इतक्या लहान बाळाले कधी कधी खोकला येतच नाही, म्हणे, श्वासच थांबतो. मग समजायचं कसं? अन् त्याची पहिली लस दीड महिन्याचा झाल्यावर.

दुपारीच त्याले लेकरांच्या डॉक्टरकडे नेलं. सध्या ठीक आहे, पण खबरदारी म्हणून औषध घरात सगळ्यांलेच दिलं. मी समोरच्या खोलीत, तोंडाले मास्क लावून. रविवारी काहून घेतलं मी त्याले? पण रविवारी मले कुठं माहीत होतं?

"पापा, अंदर मत आना," लेक म्हणाली. मले राग आला का रडू, कळलंच नाही. थोड्या वेळानं तिनंच दार उघडलं, अन् दुरूनच बाळाचं तोंड माझ्याकडे केलं.