पाखऱ्याच्या शेपटीचं गंगावन

सुलतानपूर,
भाद्रपद शुद्ध तृतीया, शके १८८६

तीर्थस्वरूप जनकाबाई आक्का यांच्या पायांशी तुमच्या धाकट्या बहिणीच्या, सरस्वतीच्या, नवऱ्याचा, म्हणजे शालिग्रामचा, लवून नमस्कार. इकडे मी, दोन्ही बैल आणि मिरचीचे वाफे अशी आम्ही सगळी मंडळी खुशाल आहोत. तिकडे हिवरा आश्रमाला तुमची, आमच्या साडभाऊंची आणि तुमच्या उजव्या गुडघ्याची खुशाली कळवावी. (निरगुडीचा पाला गरम करून बांधावा. आमच्या डाव्या बैलाला त्यानं फार आराम पडला होता.) सरस्वती भावजयीच्या बाळंतपणाला माहेरी दुसरबीडला सहदेवकडे गेली आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती महालक्ष्म्यांच्या आत परत येणार आणि त्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडणं फार जरूर आहे. म्हणून ते टपालात न टाकता आमच्या कडूबाच्या हाती देतो आहे. कडूबा म्हणजे माझ्या शेजारचा शेतकरी. पुढे जे काही लिहिलं आहे त्यातला निम्मा दोष त्याचा आहे, तेव्हा त्याला चहा दिला नाही तरी चालेल.

आक्का, आमचा उजवा बैल पाखऱ्या तुम्ही पाहिलेला आहे. रंग, शिंगं, खांदा, कशात म्हणून खोट नाही. पण वैशाखात त्याची शेपटी बाभळीच्या काटेरी कुंपणात अडकली आणि शेवटचा सगळा गोंडा तिथेच राहिला. तेव्हापासून त्याला मागून पाहवत नाही. समोरून राजा, मागून मुसळ. आता पोळ्याला बैल तोरणाखाली उभे करायचे, सगळं गाव बघायला येणार, आणि आमच्या नेमकी पुढे उत्तमरावांची जोडी. (त्यांच्या बैलांच्या शेपट्या जमिनीला टेकतात आणि उत्तमराव वर्षभर त्याबद्दल बोलतात.) मी शिंगांना हिंगूळ लावला, झूल घातली, गळ्यात घुंगरमाळ बांधली, पण शेपटीचं काय करावं ते सुचेना. शिंगांना गुंडाळायला बेगड शोधत होतो, म्हणून सरस्वतीची पेटी उघडली. तिथे वरच, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं, तिचं गंगावन होतं.

तुम्ही समजलाच असाल. तरी सांगतो, मी ते चोरलं नाही. पाखऱ्या घरचाच आहे आणि गंगावनही घरचंच आहे, असा मी विचार केला. सणावाराला अंबाडा भरदार दिसावा म्हणून बायकोनं जे वेणीत घालायचं, ते त्याच सणाला बैलानं शेपटीत घातलं तर काय बिघडलं, असंही मनात आलं. सुताच्या दोऱ्यानं घट्ट बांधलं आणि खरं सांगतो आक्का, इतकी देखणी शेपटी मी जन्मात पाहिली नाही. उत्तमरावांनी दोनदा मागे वळून पाहिलं आणि कोणतं तेल लावता म्हणून विचारलं. मी करडईचं म्हटलं.

पुढचं थोडक्यात लिहितो. पाखऱ्यानं सकाळपासून पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या. तोरणाखाली त्याला त्याचं फळ मिळालं आणि ते सगळं नव्या शेपटीतून गेलं. एवढ्यावर भागलं असतं. पण मग त्याच्या पाठीवर माशी बसली. त्यानं शेपटी उडवली, दोरा सुटला आणि गंगावन आमच्या महादेवराव पाटलांच्या पागोट्यावर जाऊन पडलं. पाटलांना आधी वाटलं साप, मग वाटलं केस, आणि केस आहेत हे कळल्यावर ते जास्त घाबरले. त्यांनी ते काठीच्या टोकानं खाली टाकलं, तेवढ्यात तोरण तुटून पोळा फुटला आणि वीसेक जोड्या त्याच्यावरून गेल्या. गर्दी पांगल्यावर मी गेलो, गंगावन धोतराच्या सोग्यात घेतलं आणि मागच्या वाटेनं घरी आलो.

आता धुण्याचं. मी आयुष्यात अंबाडी भिजवली, धुतली, वळली. माझ्या हातचा दोर तीन पावसाळे टिकतो. केस म्हणजे काळी अंबाडीच, असं मी धरून चाललो. त्यात कडूबा आला. त्यानं घरून लोणारच्या तळ्याचा खार आणला होता. मी म्हटलं, हा कपड्यांना ठीक आहे, केसांना चालेल का? तर म्हणाला, "खारानं पापड फुलते, तं केस काऊन नाही फुलणार बे?" मला ते पटलं. (अजूनही थोडं पटतं.) कढत पाण्यात मूठभर खार टाकला, गंगावन त्यात तासभर ठेवलं, मग दगडावर घेऊन मोगरीनं बडवलं आणि भर उन्हात पत्र्यावर वाळत टाकलं. संध्याकाळी पाहतो तर त्याचा रंग मक्याच्या कणसाच्या केसांसारखा झालेला आणि फुललं म्हणजे इतकं फुललं की दोन हातांत मावेना. नुसता गुंता. फणी त्यात शिरेना, म्हणून मी बैलांचा खरारा घेतला आणि वरून खाली जोरानं ओढला. गुंता सुटला. पण खराऱ्याबरोबर केसही सुटले, झुपक्याच्या झुपक्यानं.

तेवढ्यात शेजारच्या बनाबाई आल्या. त्या मूळच्या दुसरबीडच्या, तुमच्या माहेरच्या भिंतीला भिंत. त्यांनी माझ्या हातातला खरारा काढून घेतला आणि म्हणाल्या, "अरे मुडद्या, हे का बैल हाये? वरून काऊन ओढून राह्यला?" मग ओसरीत बसून त्यांनी मला शिकवलं. रिठा आणि शिकेकाई रात्रभर भिजवून, उकळून, गाळून, कोमट झाल्यावरच घ्यायची. केस त्यात नुसते बुडवायचे, चोळायचे नाहीत, पिळायचे नाहीत. वरची दोऱ्याची गाठ मुठीत घट्ट धरायची, म्हणजे ओढ तिच्यावर येत नाही. मोठ्या दातांचा कंगवा घ्यायचा आणि आधी शेंडे सोडवायचे, मग त्याच्या वरची चार बोटं, मग त्याच्या वरची. सावलीत वाळवायचं आणि शेवटी दोन थेंब खोबरेल तळहाताला लावून तो हात फिरवायचा. दुसऱ्या दिवशी धुऊन वाळल्यावर मी गाठ धरून बसलो आणि बनाबाई विंचरत गेल्या. अर्ध्या तासात मला कळलं की एवढ्या सावकाश मी आजवर कुठलंही काम केलेलं नाही.

विंचरता विंचरता बनाबाईंचा हात थांबला. म्हणाल्या, "हे तं तुह्या सासूचे, रुक्मिणीबाईचे केस हायेत."

आक्का, मला माहीत नव्हतं. मी समजत होतो जत्रेतून घेतलेलं असेल. सासूबाई विंचरताना गळालेले केस वर्षानुवर्षं कोनाड्यातल्या गाडग्यात जमवत होत्या आणि त्याची दोन गंगावनं करून त्यांनी तुम्हा दोघी बहिणींना एकेक दिलं, हे मला बनाबाईंकडून कळलं. सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या अंगाखांद्यावरचं एवढंच काय ते शिल्लक, आणि ते मी बैलाला बांधलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मला फार वाईट वाटतं आहे.

आता गंगावन स्वच्छ आहे, मऊ आहे, पण तिसरा हिस्सा कमी झालं आहे. रंगही उतरला आहे. आणि चार वेळा धुतलं तरी शेणाचा थोडा वास राहिलाच आहे. बाकी सर्व क्षेम.

आपला,
शालिग्राम

ता. क. : खरं कारण लिहायचं राहिलं. तुमचं गंगावन कडूबाजवळ द्यावं. ते मी सरस्वतीच्या पेटीत ठेवीन आणि हे तुमच्याकडे पाठवीन. तुम्ही मोठ्या आहात, सोसाल.

दुसरा ता. क. : कडूबा ज्या गाडीत चढणार होता त्याच गाडीतून सरस्वती उतरली. कडूबा पत्र घेऊन परत आला. पाटलांच्या पागोट्याची हकीकत तिला फाट्यावरच कळली होती. घरात आली, पेटी उघडली, गंगावन हातात घेतलं, नाकाशी धरलं आणि तशीच खाली बसली. मी दारात उभा राहून सगळं कबूल केलं. तिनं ते पुन्हा नाकाशी धरलं. मग म्हणाली, "माय गेली तवापासून यातून नुसता खोबऱ्याचा वास येत होता. माय तं जलमभर गोठ्यात राह्यली. आज तिचा वास येऊन राह्यला." आणि रडली. मग माझ्याकडे पाहून हसलीही, पण ते खराऱ्याचं ऐकल्यावर.

तिसरा ता. क. : तेव्हा तुमचं गंगावन कडूबाजवळ देऊ नये. सरस्वती म्हणते, आईच्या वर्षश्राद्धानंतर तुम्ही इकडे आलाच नाहीत, महालक्ष्म्यांना स्वतः घेऊन या. दोन्ही एका पाण्यात धुवायची आहेत. रिठे भिजत घातले आहेत. गाठ धरायला मी आहे.