आगायनी मागितलेली बरोबरी

प्रिय झिपार,

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे. काल नारिनच्या बुद्धिबळ स्पर्धेत शेवटच्या फेरीत माझ्यासमोर तुझे बाबाच आले. त्यांचं मानांकन एकवीसशे ऐंशी, माझं दोन हजार चाळीस. तू नि मी त्यांच्याच स्वयंपाकघरात, तळलेले बोर्सोक खाऊन तेलकट झालेल्या बोटांनी घोडा चालवायला शिकलो. बरोबरी झाली तरी विजेतेपद माझं होतं. पण आगाय, आपले गुरुजी, कुठले द्यायला! "बरोबरी म्हणजे घोडीच्या दुधाच्या कुमिसमध्ये पाणी," हे त्यांचं नेहमीचंच.

तिसाव्या खेळीला मी घोडचूक केली. वजीर नेऊन ठेवला थेट त्यांच्या हत्तीच्या तोंडी, पटाच्या कडेला, त्यांच्या डाव्या हाताला. भोवतीच्या लोकांनी श्वास रोखले. आगायनी वीस मिनिटं विचार केला आणि हात पुढे केला. "बरोबरी करू या, पोरी."

मी सुन्न होऊन हात मिळवला. मग हॉल रिकामा झाल्यावर भडकलेच. "आगाय, माझी कीव केलीत?" ते गोंधळले. मी सोंगट्या पुन्हा मांडून माझा वजीर दाखवला. ते म्हणाले, "कुठला वजीर?" मी पट ओढून त्यांच्या उजवीकडे सरकवला. "अरेच्चा! हा इथं कधी आला?" मग हळूच म्हणाले, "दोन आठवड्यांपूर्वी तासभर हात बधिर झाला होता. तेव्हापासून डावीकडचं काही दिसतच नाही. डाव जुळेना, म्हणून बरोबरी मागितली. कुणाला बोलू नकोस. झिपारला तर नाहीच."

मी शपथ घेतली, आणि मोडतेय. शनिवारी ते चौदा प्रवासी भरून डोलोन घाटातून गाडी नेणार होते. आज सकाळी मी चहाच्या निमित्ताने गेले आणि खुंटीवरची किल्ली उचलून आणली. रस्त्यात उभे राहून त्यांनी मला चोर म्हटलं, सगळ्या गल्लीनं ऐकलं. तुझ्या लग्नावरून भांडण झाल्यापासून तू त्यांच्याशी बोलत नाहीस, माझाही फोन घेत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी बिश्केकला निघालेल्या शेजाऱ्याच्या हाती देतेय. भांडण नंतर कर. आधी ये, त्यांना डॉक्टरकडे ने. माझं ते ऐकणार नाहीत. दुपारी किल्ली मागायला पुन्हा आले होते. मी दार उघडलं नाही. बराच वेळ बाहेर उभे होते. मग म्हणाले, "झिपारला कळवतेयस ना? मग ती येईपर्यंत राहू दे तुझ्याकडेच."

तुझीच,
अल्तिनाय