बारूद ठेवायची जागा

अण्णा, तुमच्या लेकानं माझ्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. हे आधीच सांगते, कारण तुम्ही जन्मभर त्याचीच बाजू घेत आलात. हे डाव्या हातानं लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नका.

तुम्ही मला एकदाच मारलंत. तेरखेड्याच्या आपल्या फटाक्यांच्या शेडमध्ये, दिवाळीच्या तोंडावर. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. शेडमध्ये अर्ध्या दिवसापुरतीच बारूद ठेवायची, बाकीची माळावरच्या दगडी खोलीत, हा तुमचा नियम. आणि मी खेपा वाचवायला अख्खं पिंप आत आणून ठेवलं. तुम्ही चप्पल काढलीत आणि कामाच्या आठ बायकांसमोर ओठ फाटेस्तोवर तोंडावर हाणलीत. "जळायचं आसंल तर एकली जळ. ह्यास्नी कशाला संगं घेतीस?" त्यानंतर तुम्ही वारेपर्यंत मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

आता मी धाराशिवला असते. परदेशातले लोक माझ्याकडून चित्रं करून घेतात आणि मोबदला क्रिप्टोत, म्हणजे इंटरनेटवरच्या पैशात, देतात. तिथं गुप्त आकड्यांची किल्ली ज्याच्या हाती, धन त्याचं. ती ठेवायच्या जागा दोन. एक मोबाइलमधलं ऑनलाइन वॉलेट. वापरायला सोपं, पण चोर कुठंही बसून त्यात हात घालू शकतो. दुसरं ऑफलाइन, पेन ड्राइव्हएवढं यंत्र, इंटरनेटपासून तोडलेलं, नंबर दाबल्याशिवाय उघडत नाही. महिनाभर माझं ठरेना. मग तुमची दगडी खोली आठवली आणि सगळंच्या सगळं यंत्रात टाकलं. यंत्र ठेवलं घरात, ज्वारीच्या डब्यात. वर शहाणपणा असा, की भाऊबीजेला आलेल्या धाकट्याला ते दाखवून म्हणाले, "बघ, जगातल्या कुठल्या चोराला हे फोडता येत न्हाय."

त्याला नळदुर्गच्या रोडला ढाबा टाकायचा होता. रविवारी दुपारी तो दोन मित्रांना घेऊन येतो. मी भाकरी थापतेय, पोरगी शेजारी अभ्यास करतेय. तो सरळ डबा काढतो, ज्वारी फरशीवर ओततो, यंत्र माझ्यापुढं धरतो.

"आक्के, नंबर सांग."

"न्हाय सांगत."

त्यानं वरवंट्यानं माझा हात ओट्यावर ठेचला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी डाव्या हातानं तापलेला तवा उचलून त्याच्या तोंडावर मारला. गालाचं कातडं सोललं, तुमच्या लेकाचं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. मग त्याच्या मित्रांनी मला केस धरून खाली पाडलं आणि पोटात लाथा घातल्या. "जीव घ्या माझा, नंबर मिळायचा न्हाय," मी ओरडले. तेव्हा त्यानं पोरीचा गळा धरला. तिचा मामा, अण्णा.

चोराला लांबून हात घालता येत नाही, म्हणजे त्याला घरात यावं लागतं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. तुमची खोली माळावर होती. तिच्या आसपास तुम्ही कुणाला चूल पेटवू दिली नाहीत, की कुणाला निजू दिलं नाहीत. मी तुमची खोली तेवढी उचलली, माळ सोडून दिला. यंत्र बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून थोडं मोबाइलमध्ये ठेवलं असतं, तर तेवढं ओरबाडून तो निघून गेला असता.

शेवटी नंबर सांगितला. पाच मिनिटांत सगळं गेलं, आणि गेलेलं परत आणायची सोय त्यात नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे. तुम्हाला पटणार नाही, पण मी ती मागं घेणार नाही.

पोरीच्या गळ्यावरचे वळ आता पिवळे पडलेत. काल तिनं विचारलं, "आई, तू लगेच का न्हाय सांगितलंस?" मी म्हणाले, भीतीनं नंबर आठवतच नव्हता. तिनं मान हलवली आणि वही उघडली. दुसऱ्या कुणाला हे सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय; मेलेल्या माणसाला पत्र पोचत नाही, ठाऊक आहे. नंबर आठवत होता, अण्णा. तिचे डोळे पांढरे व्हायला लागले, तरी मी गप्प होते.