फिओरेंझाचे पिंप

१४ सप्टेंबर, शनिवार
आले एकदाची सासरी! टेकडीवर घर, पुढे द्राक्षमळा, खाली तळघर. गाडीतून उतरताच सिल्वानोने ओंजळीत घड ठेवला. चाळिशीत, दुसरेपणावर का होईना, नवरा हौशी मिळाला. सासूबाई तेवढ्या तिखट. जेवताना मी माझ्या माहेरच्या, मांतोव्याच्या रीतीने गरम सुपात लाल वाइन ओतली, तर म्हणाल्या, "काय गं लोरेदाना, आमची वाइन म्हणजे काय चिमूटभर मीठ, कशातही टाकायला?" मी हसून वाडगा तोंडाला लावला.

५ ऑक्टोबर, शनिवार
द्राक्षे माळ्यावर सुकत घातली. जानेवारीपर्यंत निम्मी होतील, मग त्यांची वाइन. माझ्याकडे जुन्या वाइनची पिंपे भरायचे काम आले. लाकूड वाइन पिते. पोकळी राहिली की हवा लागून सगळे आंबते. म्हणून दर शनिवारी सुनेने पिंपे काठोकाठ भरायची. कोपऱ्यातले छोटे पिंप सोडून. ते फिओरेंझाचे, सिल्वानोच्या पहिल्या बायकोचे. ती वारली त्या वर्षीच्या पिकाचे. ते कधी उणे होत नाही म्हणे. सिल्वानो रोज त्यावर हात ठेवून दिवसभराचे सगळे सांगतो. माझ्याशी बोलतो ते मीठ मागण्यापुरते.

२६ ऑक्टोबर
जळते मी, लपवू कशाला? मेलेल्या सवतीवर जळते. आज तिच्या पिंपाची तोटी सोडली, वाइनचा जग भरला आणि सुपात ओतून प्यायले. पिऊनच संपवते तुला, म्हटले. चव अशी की वाडगा चाटला.

९ नोव्हेंबर
रोज काढते. पिंप रोज काठोकाठ. भांडी घासताना लग्नाची अंगठी बोटातून गळून पडली. सासूबाईंनी माझा हात उलटसुलट करून पाहिला. म्हणाल्या, त्या सालची वाइन कधीच संपली, पोरी, पण पिंप भरायला काहीतरी लागतेच. काय लागते, विचारले. त्या माळ्यावर द्राक्षे परतायला निघून गेल्या.

१६ नोव्हेंबर
वजन एकेचाळीस किलो. तळवे मनुकांसारखे. तरी प्यायले — राहवत नाही. सिल्वानो सासूबाईंना सांगत होता की त्या पिंपाला हल्ली नवाच वास येतो, माझ्या केसांसारखा. तासन् तास तिथेच बसतो. माझ्याकडे बघतही नाही.

२३ नोव्हेंबर
पेन धरवत नाही — तळघरात बसलेय. मघाशी जिन्यावरून ऐकले. पिंपावर गाल टेकून तो म्हणत होता, "लोरेदाना, आलीस ते बरं झालं गं." माझे नाव! मी मागेच उभी — हाक मारली — घसा कोरडा, आवाजच —

आनंद झाला मला. शपथेवर सांगते, आनंद झाला.

तो गेल्यावर बूच काढले. पहिल्यांदाच बोटभर पोकळी. माझ्यात उरलेय तेही तेवढेच — देऊन टाकते. पण आतून ती बोलतेय. म्हणते, मी आधीची, मी सरकणार नाही —

सरक. सरक म्हणते ना — माझा नवरा आहे तो — मी येते —