मऊसरांच्या तासाला बाबा

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसूनच घातला आहे, पण मनाने पुरती आडवी आहे.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? खोकला खरंच गेला, की नुसता दुसऱ्या खोलीत राहायला गेला? इकडे आम्ही दोघं बरी आहोत. बाबा बस चालवतात, मी कॉलेजात जाते, आणि स्वयंपाक ज्याच्या हातून कमी बिघडेल तो करतो, म्हणजे बहुतेक बाबाच.

वर्षभर कॉलेजात जाऊन काय शिकलीस, असं तू विचारलं आहेस. आणि माझा भाऊ तुझ्या वर्गात येऊन झोपतो हे मी लोकांच्या तोंडून ऐकायचं का, असंही त्याच पत्रात, जरा जास्त दाबून, विचारलं आहेस. दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून सावकाश लिहिते. तूही सावकाश वाच.

तुला ठाऊकच आहे, बाबांची पाळी पहाटेची. दुपारी घरी यायचे, जेवायचे आणि आडवे व्हायचे. आई तिथेच भाजी निवडत बसून त्या एकसुरी आवाजात शेजारपाजारची हकिकत सांगायची, आणि बाबा ती ऐकता ऐकता झोपायचे. (इतक्या वर्षांत एकाही हकिकतीचा शेवट त्यांनी ऐकलेला नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या डॉक्टरीणबाईंचं लग्न मोडलं, हे त्यांना अजून माहीत नाही. ते परवाच त्यांच्या नवऱ्याची चौकशी करत होते.) आई गेली आणि दुपार नुसतीच उरली. बाबा पंख्याकडे बघत पडून राहायचे. ड्रायव्हरला झोप नसणं म्हणजे काय, हे मला एकदम कळलं. त्यांनी डेपोच्या भिंतीला बस घासली. पुन्हा असं झालं तर गाडी काढून घेऊन तिकिटाच्या खिडकीत बसवू, असं साहेबांनी बजावलं. बाबा घरी येऊन म्हणाले, “भिंत जरा पुढे आली होती.” बस.

त्याच सुमारास ते मला न्यायला कॉलेजात येऊ लागले. घरी बसवत नव्हतं, दुसरं काही नाही. एकदा बाहेर उन्हात उभे होते, तर आमच्या भूगोलाच्या सरांनी त्यांना आत बोलावून मागच्या बाकावर बसवलं. या सरांचं खरं नाव कोणी घेत नाही, सगळे त्यांना मऊसर म्हणतात, कारण त्यांचा आवाज पिंजलेल्या कापसासारखा आहे. ते नद्या आणि समुद्रातले प्रवाह शिकवतात. वर्ग पश्चिमेकडचा, पडदे पिवळे पडलेले, पोटात जेवण, आणि सर कुठल्याशा नदीला कसलीही घाई न करता समुद्राकडे नेत असतात. ती वळते, तिथे गाळ ठेवते, पुन्हा वळते. आपण बाकावर आहोत की पाण्यावर, ते कळेनासं होतं. नदी सपाटीला लागायच्या आत बाबा झोपले होते.

मग ते रोज येऊ लागले. खाकी गणवेशात, हात बाकावर, हनुवटी छातीवर. त्यांचा चेहरा हळूहळू माणसात आला, हे मी पाहिलं नाही असं नाही. पण आत्या, ते घोरायचे. मुली हसायच्या. मला “मागच्या बाकाची मुलगी” म्हणायला लागल्या, आणि मी पहिल्या बाकावर बसत असे. एके दिवशी जिन्यात मी त्यांना म्हटलं, “बाबा, उद्यापासून नाही आलात तरी चालेल.” ते “बरं” म्हणाले आणि माझी पिशवी नेहमीसारखी स्वतःच्या खांद्यावर घेतली. ते भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

पुन्हा पंखा सुरू झाला. कामावर डोळा लागू नये म्हणून बाबा डेपोतला चहासुद्धा उभ्याने पिऊ लागले. आठवडाभरात मऊसरांनीच मला थांबवलं आणि वडील का दिसत नाहीत, असं विचारलं. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. ते म्हणाले, “माझ्या तासाला बाकीचेही झोपतात. ते निदान माझ्याकडे तोंड करून झोपायचे.” आणि मग म्हणाले, आता माझ्या तासाची वही तूच वाचून दाखव त्यांना.

मी वाचायला बसले, तर बाबा टक्क जागे. मी गाडी पकडायची असल्यासारखी वाचत होते, आणि ते मध्येच विचारत होते, खालचं थंड पाणी वर येतं ते का येतं? मला कुठे माहीत होतं? मी नुसतं लिहून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी मऊसरांना विचारलं, तिसऱ्या दिवशी आणखी काही विचारलं. ज्या दुपारी मला ते नीट समजलं, त्या दुपारी मी वही मिटून नुसतं सांगायला लागले. वारा किनाऱ्यावरचं पाणी दूर लोटतो, मग त्याची जागा भरायला खालचं गार, काळं पाणी सावकाश वर येतं. पडदा हलत होता. बाबांचा श्वास लांब झाला. मी थांबले, तर ते मिटल्या डोळ्यांनीच पुटपुटले, “मग पुढे काय झालं?” ते आईला असंच विचारायचे, झोपेत. मी पुढचं सांगत राहिले. कोणी ऐकत नव्हतं तरी अगदी शेवटपर्यंत सांगितलं.

तर पहिल्या वर्षात मी हे शिकले. बस तेव्हापासून भिंतीला लागलेली नाही.

तुझी,
भाची

ता. क. निकाल लागला. भूगोलात मी वर्गात पहिली आले. अर्थशास्त्र आणि तर्कशास्त्र या दोघांनी मात्र मला थोडं थांबायला सांगितलं आहे, म्हणजे नापास. बाबांना मी निकाल लांबल्याचं सांगितलं आहे. तू चार दिवस ये आणि त्यांना हे सांग. शक्यतो जेवणानंतर, हळू आवाजात, त्यांचा डोळा लागल्यावर.

ता. क. गुडघ्याचं निमित्त चालणार नाही. आमच्याकडे जिना नाही.

ता. क. ताई, पत्र टाकायला हिने माझ्याकडे दिलं, पण पाकीट चिकटवायला विसरली. निकाल मी कॉलेजच्या बोर्डावर आधीच पाहिला. परीक्षेआधी हिने ते दोन विषयही मला रोज वाचून दाखवले होते. एकदाही झोप आली नाही. मी तेव्हाच ओळखलं होतं. तू ये मात्र. डॉक्टरीणबाईंच्या लग्नाचं काय झालं, तेही येऊन सांग.